आधी नोंद, मग नाव: परिसरातली झाडं, अळंब्या आणि प्राणी टिपायला सुरुवात कशी करावी

निसर्गनोंदी करायला नव्याने लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हे काय आहे?" फोटो काढायचा, कुठल्या तरी ग्रुपवर टाकायचा आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं नाही की फोटो फोनमध्ये पडून राहतो. जाणकार भरपूर असतात, पण फोटोत ओळखीचा भागच नसतो. अळंबी फक्त वरून टिपलेली, झाड म्हणजे आभाळासमोरचा काळा ठिपका, आणि सरडा निघून गेल्यानंतरचा नुसता दगड. यावरून नाव सांगणं कुणालाच जमत नाही.

नाव सहा महिन्यांनीही मिळू शकतं. अळंबीच्या बुडाशी पिशवी होती का, पानं समोरासमोर होती का, हे मात्र त्याच जागी आणि त्याच वेळी बघावं लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत की तिथे हजर नसलेल्या माणसालाही तुमच्या नोंदीवरून तो जीव ओळखता यावा.

१. सामान जमवा, पण थोडंच

- खिशात मावणारी वही आणि शिसपेन्सिल. ओल्या कागदावर पेनाची शाई फुटते, पेन्सिल टिकते.
- १० पट मोठं दाखवणारं घडीचं भिंग.
- १५ सेंमीची पट्टी आणि किमान २ मीटरची कापडी टेप. म्हाताऱ्या झाडांचा घेर त्याहून मोठा असतो, तेव्हा सोबत सुतळी ठेवा आणि ती मोजा.
- छोटी सुरी किंवा खुरपं.
- छोटा आरसा. जमिनीलगतच्या अळंबीची खालची बाजू न उपटता बघता येते.
- कागदी पिशव्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजते आणि काही तासांत तिचा लगदा होतो.
- टॉर्च, आणि लोकेशन चालू असलेला फोन.

भिंग बहुतेक जण चुकीचं धरतात: वस्तूवर ठेवून लांबून बघतात. ते डोळ्याजवळ, चष्मा असेल तर चष्म्याला जवळजवळ टेकवून धरायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची. १० पटीच्या भिंगात साधारण २.५ सेंमीवर चित्र स्पष्ट होतं. उजेड वस्तूवर बाजूने पडू द्या.

पक्ष्यांसाठी दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ घ्या. ८ म्हणजे किती पट, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १० किंवा १२ पटीची दुर्बीण दुकानात भारी वाटते, पण हाताचा कंपही तितकाच मोठा दिसतो आणि दिसणारं क्षेत्र आकसतं, त्यामुळे फांदीवरचा पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो.

२. एक वाट ठरवा आणि तिलाच चिकटून राहा

३०० ते ५०० मीटरची वाट पुरते. तीत एखादं जुनं झाड, पडलेलं लाकूड, थोडं पाणी आणि न कापलेलं गवत असेल तर उत्तम. आठवड्यातून एकदा, शक्यतो त्याच वेळी जा. दर वेळी नवी जागा शोधणाऱ्याची यादी लांबते, पण पालवी कधी फुटली, बेडूक कधी बोलायला लागले, हे त्याला कळत नाही.

वेळ जिवानुसार बदला. पक्ष्यांसाठी सूर्योदयानंतरचे दोनेक तास, फुलपाखरं आणि चतुरांसाठी ऊन तापल्यावर, बेडकांसाठी पावसानंतरची रात्र. अळंब्या चांगला पाऊस झाल्यावर काही दिवसांनी वर येतात, भर पावसात धावत जाण्यात अर्थ नाही. मात्र ज्यांच्या छत्र्या शाईसारख्या वितळतात अशा इंककॅप अळंब्या सकाळी उघडून दुपारपर्यंत काळं पाणी होऊन गेलेल्या असू शकतात. त्या दिसल्या की "परत येताना बघू" म्हणू नका.

शोधूनही सापडलं नाही, हेही लिहा. "बेडकांचा आवाज ऐकला, २० मिनिटं, काही नाही" ही ओळ पुढच्या वर्षी कामाला येते. न लिहिल्यास तुम्ही गेलाच नव्हता की जाऊनही काही नव्हतं, हे नंतर तुम्हालाही सांगता येणार नाही.

जागा खाजगी असेल तर मालकाला विचारा. संरक्षित क्षेत्रात पान, अळंबी, पीस काहीही उचलण्याआधी तिथले नियम बघा. बऱ्याच ठिकाणी फक्त फोटोला परवानगी असते.

३. जागेवरच लिहायच्या गोष्टी

तारीख, वेळ, ठिकाण, कशावर किंवा कशात, किती, काय करत होतं, हवा कशी होती. घरी गेल्यावर लिहू म्हटलं की यातल्या निम्म्या गोष्टी अंदाजाने लिहिल्या जातात.

ठिकाणासाठी अक्षांश-रेखांश दशांशात घ्या आणि दशांश चिन्हानंतर चार अंक ठेवा. चौथा अंक म्हणजे साधारण ११ मीटरची अचूकता, एका झाडापर्यंत परत पोचायला एवढी पुरते. दोनच अंक ठेवले तर साधारण १ किलोमीटरची चूक होऊ शकते. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये फोन जागा चुकीची दाखवतो, म्हणून ॲप उघडून अर्धा मिनिट थांबा, अचूकतेचं वर्तुळ लहान होऊ द्या, मगच आकडा घ्या.

एक सापळा नेहमीचा आहे: फोटोत दडलेली तारीख आणि जागेची माहिती व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवली की गळून पडते. मित्राने पाठवलेल्या फोटोवर स्वतःच्या फोनमधली तारीख-जागा लावून नोंद करणं म्हणजे सरळ चुकीची नोंद. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, किंवा नोंद त्यालाच करू द्या.

चांगली नोंद कशी दिसते? अशी:

"१४ जुलै, सकाळी ७.४०. पडलेलं खोड, साल सुटलेली, अर्धी सावली. पंख्याच्या आकाराच्या अळंब्या, २० ते २५, एकीवर एक. रुंदी १ ते ३ सेंमी. वरून पांढुरक्या-राखाडी, दाट लव. खाली गुलाबीसर राखाडी पात्या, प्रत्येक पाती कडेला उभी चिरलेली. दांडा जवळजवळ नाही. रात्री पाऊस."

यात नाव नाही, तरी जाणकार वाचताक्षणी सांगेल की ही शायझोफिलम कम्यून आहे. चिरलेल्या पात्या, म्हणजे छत्रीखालच्या पातळ पट्ट्या, हीच तिची खूण. कोरड्या हवेत पातीचे चिरलेले दोन्ही भाग बाहेरच्या बाजूला वळतात, ओल मिळाली की पुन्हा सरळ होतात. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत ती सापडते, मेलेल्या लाकडावर वाढते आणि सुकली तरी जागेवर टिकते. सरावासाठी हिच्यापासून सुरुवात करा. भिंगाखाली ती चीर एकदा नीट पाहिली की पुढे विसरत नाही.

४. फोटो क्रमाने काढा

आधी परिसरासकट, मग पूर्ण जीव, मग एकेक भाग, शेवटी पट्टी ठेवून. नाणं ठेवू नका. नाण्यांचे आकार बदलतात आणि दुसऱ्या देशातल्या जाणकाराला ते माहीत नसतात.

बारीक फूल किंवा किडा असला की फोन मागच्या गवतावर फोकस करतो. मागे तळहात धरा आणि स्क्रीनवर विषयावर बोट ठेवा. बोटाने झूम करून काढलेला फोटो म्हणजे बहुतेक वेळा साध्या फोटोचा कापलेला तुकडा, तेव्हा जवळ जा किंवा नंतर कापा. पांढऱ्या अळंबीवर कडक ऊन पडत असेल तर सगळा तपशील उडतो. अंगाची सावली करा. रंग महत्त्वाचा असेल तिथे चौकटीच्या कडेला पांढऱ्या कागदाचा तुकडा असू द्या, नंतर रंग तपासता येतो. फिल्टर अजिबात नको.

५. झाड: पानापेक्षा डहाळी बघा

नुसत्या एका पानाच्या फोटोवर "कोणतं झाड?" विचारणं हा सगळ्यात सामान्य घोटाळा. पान कसं जोडलंय, हे पानाइतकंच महत्त्वाचं असतं, म्हणून किमान हातभर डहाळीचा फोटो घ्या.

पहिला प्रश्न: पान साधं की संयुक्त, म्हणजे पानासारख्या दिसणाऱ्या अनेक पर्णिकांचं मिळून झालेलं? उत्तर कळीत असतं. खऱ्या पानाच्या देठाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. कडुलिंबाचं "पान" म्हणून तोडलेला दातेरी तुकडा प्रत्यक्षात पर्णिका असते. अनेक पर्णिकांची अख्खी काडी म्हणजे एक पान. सावरीत पर्णिका एकाच बिंदूतून पंजासारख्या निघतात. शेवग्याच्या पानाचे तर पुन्हा पुन्हा फाटे फुटतात, तिथे मागे मागे जात कळी शोधावी लागते.

दुसरा: पानं एकाआड एक, समोरासमोर, की एका पेरावर तीन-चार गोलाकार? टोकाशी पानं दाटीवाटीने असतात, तिथे फसगत होते. मधली, लांब पेरांची जागा बघा.

तिसरा: डहाळीवरच्या खुणा. वड, पिंपळ, उंबर या कुळात पान निघालेल्या पेराभोवती बारीक वलय उमटलेलं असतं आणि पान तोडलं की पांढरा चीक येतो. दोन्ही एकत्र दिसलं की शोध बहुतेक या कुळापर्यंत येऊन ठेपतो. चीक बघताना हात डोळ्यांना लावू नका. काही झाडांचा चीक कातडीवर फोड आणतो आणि डोळ्याला गंभीर इजा करतो.

पुढे: पानाची खालची बाजू, देठावर गाठी आहेत का, चुरगळल्यावर वास कसा, छातीच्या उंचीवरची साल, बुंधा, फूल समोरून आणि बाजूने, फळ आडवं कापून. फूल-फळ नसलेल्या झाडाची नोंद "नाव नक्की नाही" म्हणून ठेवा आणि हंगामात परत या.

खाली पडलेलं पान त्याच झाडाचं असेल असं नाही. वेलीचं पान यजमान झाडाचं म्हणून खपून जातं. बुंध्यातून फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं वरच्या फांद्यांपेक्षा कितीतरी मोठी किंवा वेगळ्या आकाराची असू शकतात. या तिन्ही फसगती एकाच झाडावर एकदम भेटू शकतात, तेव्हा पान फांदीपर्यंत नजरेने मागे नेल्याशिवाय लिहू नका.

घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. काही देशांत १.३ मीटर धरतात, म्हणून कुठे मोजला ते लिहा. उतारावर वरच्या बाजूच्या जमिनीपासून उंची धरा. टेप आडवी, वेलीच्या आतून. नेमकी तिथेच गाठ असेल तर तिच्या वर किंवा खाली, जिथे खोड नेहमीसारखं होतं तिथे मोजा आणि तसं नमूद करा. खाली फाटे फुटले असतील तर प्रत्येक खोड वेगळं मोजा. घेर भागिले ३.१४ म्हणजे व्यास: १५७ सेंमी घेराचं झाड ५० सेंमी जाडीचं.

उंचीसाठी काठी पुरते. हात सरळ पुढे करून काठी उभी धरा, मुठीवरची काठी डोळ्यापासून मुठीच्या अंतराएवढी असू द्या. सपाट जमिनीवर मागे सरकत जा. मूठ बुंध्याशी आणि काठीचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. तुमच्यापासून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. झाड कललेलं असेल तर ते ज्या बाजूला कललंय तिच्या काटकोनातून बघा, समोरून बघितलं तर आकडा हमखास फुगतो.

दर आठवड्याला त्याच झाडाची नोंद ठेवायची तर रकाने आधीच आखा: कोवळी पालवी, पक्की पानं, कळ्या, उमललेली फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं. प्रत्येकात "नाही", "थोडं" किंवा "भरपूर". एक तृतीयांश फांद्यांपेक्षा कमी असेल तर थोडं. रिकामा रकाना ठेवू नका, "नाही" लिहा.

६. अळंबी: बुडापासून वरपर्यंत

आधी धोका. हात लावल्याने विषारी अळंबी बाधत नाही. नंतर हात धुतले की झालं. खाणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. फोटोवरून, ॲपवरून किंवा या लेखावरून ओळखलेली कुठलीही अळंबी खाऊ नका. डेथ कॅप, म्हणजे अमानिटा फॅलॉइडिस, खाल्ल्यावर त्रास सुरू व्हायलाच सहसा ६ तासांहून जास्त वेळ लागतो. मग उलट्या-जुलाब होतात, मध्ये बरं वाटल्यासारखं होतं आणि तोवर यकृत निकामी व्हायला लागलेलं असतं. शिजवून तिचं विष जात नाही. चांदी काळी पडते का, किड्यांनी खाल्लंय का, या परीक्षांना काडीचाही आधार नाही. गोगलगायी विषारी अळंब्या खुशाल खातात.

आता नोंद. ज्यांना कुत्र्याची छत्री म्हणून सोडून दिलं जातं, त्यांत शेकडो वेगवेगळ्या जाती दडलेल्या असतात आणि वरून त्यातल्या कितीतरी सारख्या दिसतात.

कशावर उगवली ते सगळ्यात आधी. माती, शेण, पालापाचोळा, मेलेलं लाकूड की जिवंत झाड? लाकडावर असेल तर झाड कोणतं, निदान रुंद पानांचं की सूचिपर्णी. मातीतून आल्यासारखी दिसणारी अळंबी पुष्कळदा पुरलेल्या मुळावर असते, जरा उकरून बघा. लाकूड कसं कुजलंय तेही लिहा: तपकिरी होऊन चौकोनी ढलपे पडतायत, की पांढरट होऊन रेषेरेषेत सुटतंय. दोन्ही कुजण्यामागे वेगवेगळ्या बुरशा असतात.

मग बूड. अळंबी दांड्याला धरून उपटली की खाली मातीत राहिलेली पिशवी तुटते, आणि अमानिटासारख्या प्राणघातक अळंब्यांची मुख्य खूण तीच असते. सुरी बाजूने खोल घालून मातीसकट उचला, मग माती हलक्या हाताने झाडा.

छत्रीखाली काय आहे: पात्या म्हणजे गिल्स, छिद्रं, की दाते? पात्या असतील तर त्या दांड्यापर्यंत पोचत नाहीत, काटकोनात चिकटतात, की दांड्यावरून खाली उतरतात? हे नीट दिसण्यासाठी एक अळंबी मधून उभी कापा आणि कापाचा फोटो घ्या. दांडा पोकळ की भरीव, तेही त्यातच कळतं. छिद्रं असतील तर पट्टी लावून भिंगातून एका मिलिमीटरमध्ये किती बसतात ते मोजा. लाकडावरच्या कडक, फळीसारख्या अळंब्या ओळखताना हा आकडा रंगापेक्षा भरवशाचा ठरतो.

दांड्यावर कडं आहे का. कापल्यावर किंवा नखाने दाबल्यावर रंग बदलतो का. एक मिनिटाने आणि दहा मिनिटांनी, दोनदा बघा. चीक येतो का. तुकडा मुठीत चुरगळून वास कसा येतो. वासाला शब्द सापडत नसेल तर जे आठवेल ते लिहा, मुळा, पीठ, ओली माती, काहीही. लहान, पूर्ण उघडलेली आणि जुनी अशा तिन्ही अवस्था एका फोटोत आल्या तर त्याहून चांगलं काही नाही, कारण वयानुसार पात्यांचा रंग बदलतो.

एकच अळंबी असेल तर ती राहू द्या, आरशाने खालून फोटो घ्या. चार-पाच असतील तर दोन उचलायला हरकत नाही. जमिनीखालचं जाळं, म्हणजे मुख्य बुरशी, तिथेच राहते. खड्डा मात्र बुजवा.

लाकडावर पिवळा, चिकट, शिरांसारखा पसरलेला थर दिसला तर तो बहुधा स्लाइम मोल्ड, म्हणजे बुरशी नव्हेच. त्याच जागेचा दुसऱ्या दिवशी फोटो घ्या. तो बहुधा सरकलेला असतो.

७. बीजाणूंचा ठसा घ्या

बीजाणू म्हणजे अळंबीतून गळणारे, बियांचं काम करणारे धुळीसारखे कण. पात्यांचा रंग आणि बीजाणूंचा रंग एकच असतो, हा गैरसमज ठसा घेतल्याशिवाय जात नाही. कृती सोपी:

- पूर्ण उघडलेली, ताजी छत्री निवडा. दांडा पात्यांना खेटून कापा.
- अर्धा पांढरा, अर्धा काळा कागद घ्या आणि छत्री दोन्हीवर येईल अशी उपडी ठेवा. काळ्यावर पांढरे बीजाणू दिसतात, पांढऱ्यावर गडद. काच वापरली तर नंतर हव्या त्या कागदावर ठेवून बघता येते.
- छत्रीच्या पाठीवर पाण्याचा एक थेंब टाका.
- वाटी उपडी घालून झाका. वाऱ्याची झुळूक लागली तरी ठसा पुसट होतो.
- ६ ते १२ तास हलवू नका. रात्री ठेवून सकाळी उचलणं सोपं पडतं.

रंग दिवसाच्या उजेडात, थर जाड असेल तिथे बघा. अमानिटाचा पांढरा, प्लूटियसचा गुलाबी, कॉर्टिनेरियसचा गंजासारखा, अगॅरिकसचा चॉकलेटी, इंककॅपचा काळा. क्लोरोफिलम मॉलिब्डायटिस या गवतात उगवणाऱ्या मोठ्या, तपकिरी खवल्यांच्या अळंबीचा ठसा हिरवट येतो. कोवळेपणी तिच्या पात्या पांढऱ्याच असतात आणि वरून ती खाण्याजोग्या जातींसारखी दिसते. ती खाऊन आजारी पडणारे लोक जगभर सापडतात. ठशानंतर हा घोटाळा राहत नाही.

ठसा उमटला नाही तर कारण बहुधा चारांपैकी एक: छत्री अजून उघडली नव्हती, फार जुनी होती, वाळलेली होती, किंवा इतकी ओली की बीजाणूंऐवजी पाण्याचा डाग पडला. कडक, फळीसारख्या अळंब्या ठराविक काळातच बीजाणू सोडतात. त्यांतल्या गॅनोडर्मावर कधी कधी काहीच करावं लागत नाही. तिच्या पाठीवर आणि आसपासच्या पानांवर कोकोसारखी तपकिरी भुकटी साचलेली असते.

८. सुकवून ठेवायची असेल तर

आधी चिठ्ठी, मग सुकवणं. चिठ्ठीवर पेन्सिलने नोंद क्रमांक, तारीख, ठिकाण, कशावर. जाड अळंबीचे उभे काप करा. ४० अंश सेल्सिअसच्या आसपास, हवा खेळती ठेवून, काप काडीसारखे मोडेपर्यंत सुकवा. नुसते वाकले तर अजून ओले आहेत. तापलेल्या ओव्हनमध्ये अळंबी शिजते आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली कामाची राहत नाही. सुकलेले काप सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट पिशवीत ठेवा. आत अळ्या असतातच, म्हणून पिशवी आठवडाभर फ्रीझरमध्ये घाला. चिठ्ठी पिशवीच्या आत हवी. बाहेर चिकटवलेली कधी ना कधी निघते.

९. प्राणी, पक्षी, किडे

किड्याचा वरून, बाजूने आणि समोरून फोटो घ्या, आणि तो ज्या झाडावर आहे त्याचा वेगळा. अळी कोणतं पान खातेय हे अळीच्या रंगापेक्षा जास्त सांगतं. फुलपाखराच्या पंखांची खालची बाजू वगळू नका, कोळ्याचे डोळे आणि पोटाकडची बाजूही. चतुराचा बाजूने काढलेला फोटो हवा, पाठीवरून सगळे एका माळेचे मणी वाटतात.

दगड उलटायचा तर पलीकडची कड धरून स्वतःकडे उचला; खाली साप-विंचू असेल तर दगड तुमच्या आणि त्याच्या मध्ये राहतो. जसा होता तसा परत ठेवा, पण प्राणी चिरडणार नाही असा: आधी दगड, मग प्राण्याला कडेला सोडा. साप दिसला तर फोटो लांबूनच.

पाऊलखुणेचा फोटो बरोब्बर वरून, शेजारी पट्टी ठेवून. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खोली दिसते, दुपारी सगळं सपाट वाटतं. मांजरकुळाच्या ठशात सहसा नखं उमटत नाहीत आणि मागच्या गादीची मागची कड तीन भागांत असते. कुत्र्या-कोल्ह्यांच्या ठशात नखं दिसतात. मऊ चिखलात ठसा पसरतो, म्हणून खोलवरच्या तळाचं माप घ्या, वरच्या कडेचं नको. विष्ठेला उघड्या हाताने हात लावू नका.

बेडूक, रातकिडे, पक्षी यांचा आवाज किमान ३० सेकंद रेकॉर्ड करा, मध्ये बोलू नका, आणि शेवटी तारीख, वेळ, जागा मोठ्याने बोलून ठेवा. फाइलचं नाव बदललं तरी माहिती आतच राहते.

पक्षी दिसला की ॲप उघडण्याआधी बघा: चिमणीएवढा, मैनेएवढा की कावळ्याएवढा, चोच कशी, डोळ्यावर पट्टी आहे का, शेपटी हलवतो का. मर्लिनसारखं ॲप आवाजावरून नाव सुचवतं, पण सुचवलेलं नाव म्हणजे पुरावा नव्हे. तुम्ही पाहिलंत किंवा आवाज ओळखलात तरच यादीत घाला. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर यादी करताना ओळखलेले सगळे पक्षी, संख्येसकट, किती वेळ आणि किती अंतर चाललात तेही लिहा. फक्त "खास" पक्ष्यांच्या यादीवरून कावळे कमी झाले की वाढले, हे कधीच कळणार नाही.

घरट्यापाशी रेंगाळू नका. तुमच्या येण्या-जाण्याची वाट शिकारी प्राण्यांनाही घरटं दाखवते. पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचाच आवाज वाजवू नका.

१०. नोंद चढवा

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर झाडं, बुरशा, प्राणी सगळं चालतं. एक नोंद म्हणजे एका वेळी, एका जागी दिसलेला एक जीव. एकाच अळंबीचे सहा फोटो असतील तर एकाच नोंदीत घाला. सहा वेगळ्या नोंदी केल्या तर ओळखणारा फक्त वरचा फोटो बघून पुढे जातो. उलट, दोन वेगळ्या अळंब्या एका नोंदीत घातल्या तर नाव कुणाला द्यायचं हेच कळत नाही.

तारीख पाहिल्याची घाला, चढवल्याची नको. लावलेलं झाड, पाळीव प्राणी, कुंडीतलं रोप यांना "पाळीव किंवा लागवडीचं" अशी खूण करा. ही खूण राहून जाणं ही नवख्यांची सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे, आणि तीमुळे एखादं झाड तिथे आपोआप वाढतं असा समज नकाशावर पसरतो.

ॲप नाव सुचवेल. खात्री नसेल तर जातीचं नाव दाबू नका, वंश किंवा कूळ निवडा. नुसतं "बुरशी" लिहिलं तरी ती नोंद बुरशी बघणाऱ्यांपर्यंत पोचते. नोंद "संशोधन दर्जा" गाठते तेव्हा तिला तारीख, जागा, फोटो किंवा आवाज असतो आणि ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त लोक जातीवर सहमत असतात. म्हणून कुणी नाव सुचवलं की लगेच "सहमत" दाबू नका. का ते विचारा, खुणा स्वतः पडताळा. नुसत्या भिडेने दिलेली सहमती चुकीच्या नावाला शिक्का मारते.

दुर्मीळ वनस्पती, घरटी, गुहेतली वटवाघळं यांची जागा "धूसर" करा. मग ०.२ × ०.२ अंशांच्या चौकोनातला एखादा बिंदू इतरांना दिसतो, खरा बिंदू तुमच्याकडे राहतो. पण नोंदीच्या वर्णनात "देवळामागचा तिसरा वृक्ष" असं लिहून ठेवलं तर धूसर करण्याचा काय उपयोग? फोटोत ओळखू येणारी पाटी किंवा इमारत आहे का, तेही बघा.

११. ओळख बदलली तर

बदलणारच, बुरशांची तर वैज्ञानिक नावंही बदलत असतात. वहीतलं जुनं नाव खोडरबराने पुसू नका. त्यावर एक रेघ मारा, शेजारी नवं नाव, तारीख आणि कशावरून बदललं ते लिहा: "ठसा हिरवट आला", "जुलैत फूल मिळालं". मूळ वर्णनाला मात्र हात लावू नका. नवीन नाव कळल्यावर "हो, बहुतेक कडं होतंच" असं आठवणीतून भर घालण्याचा मोह होतो, आणि तशी घातलेली भर पुढच्या ओळखणाऱ्याला खरी वाटते. वर्णनात कडं लिहिलेलं नसेल आणि फोटोतही नसेल, तर "कडं बघितलं नाही" एवढंच लिहा आणि पुढच्या पावसात त्याच खोडापाशी जा.